सिगरेटचे थांबे

मी एसटीत ड्रायव्हर आहे. कराड-चिपळूण ही गाडी मी बरीच वर्षं चालवली. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, घाटमाथा, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी आणि चिपळूण. गाडीचे थांबे ठरलेले, तसे माझ्या सिगरेटचेही ठरलेले होते. दिवसाला चौदा. एकोणिसाव्या वर्षी ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा पहिली ओढली, सोडली 2019 च्या जूनमध्ये. मधे एकवीस वर्षं गेली.

त्याआधी तीनदा सोडून बघितली होती. एकदा गुढीपाडव्याला शपथ घेतली, ती अकराव्या दिवशी एका मयताच्या ठिकाणी मोडली. एकदा सिगरेटच्या जागी तंबाखू-चुना धरला, तर सात महिन्यांनी दोन्ही चालू. तिसऱ्यांदा चौदावरून सातवर आणली आणि तीन आठवड्यांत परत चौदावर गेलो. चौथ्यांदा जमलं. तेव्हा काय वेगळं केलं ते सगळं सांगतो, कारण आमच्या डेपोत आजही चांगली चांगली माणसं खोकत खोकत ड्युटीवर येतात आणि मला ते बघवत नाही.

कारण काय घडलं ते आधी सांगतो. त्या वर्षी मे महिन्यात घाटमाथ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी जॅक लावला, चार नट सैल केले आणि पाचव्याला पाना हातातून सुटला. श्वास पुरेना. कंडक्टर पंचविशीचा पोरगा. म्हणाला, "दादा, तुम्ही बसा, मी करतो." मी कडेच्या मैलाच्या दगडावर बसलो. दम अजून खाली बसला नव्हता, छाती वरखाली होत होती, आणि तेवढ्यात माझा हात खिशात गेला, सिगरेट बाहेर आली, पेटलीसुद्धा. ती मी पेटवायची ठरवलीच नव्हती. हात आपला आपण गेला होता. त्या दिवशी मला कळलं की नुसता निश्चय करून हा हात थांबणार नाही. तो कुठे कुठे जातो ते आधी शोधायला हवं.

आधी थांबे लिहून काढा

चार दिवस काहीही सोडू नका. जेवढ्या ओढता तेवढ्याच ओढा. फक्त प्रत्येक सिगरेट पेटवण्याच्या आधी लिहा: वेळ, जागा, बरोबर कोण, आणि त्याआधी काय चाललं होतं. ओढून झाल्यावर लिहू म्हणाल तर राहून जातं. मी शर्टाच्या खिशात, पाकिटाला चिकटूनच, पाच रुपयांची छोटी वही ठेवली होती. त्यातलं एक पान असं आहे:

5.10 घर, मागचं दार, संडासला जायच्या आधी
6.00 डेपोबाहेरची टपरी, चहा, बरोबर दोघे
7.15 पाटण, स्टँडबाहेर, गाडी थांबली म्हणून
8.10 घाटमाथा, भूक
8.45 पोफळी, घाट उतरला
9.25 चिपळूण, नाश्ता झाल्यावर

पुढे अशाच आणखी आठ. चार दिवसांनी वही उघडून बसलो तेव्हा दिसलं की चौदांतल्या पाच-सहा वेळी मला सिगरेट हवीच नव्हती. गाडी थांबली, मी उतरलो, पेटवली, एवढंच. या सिगरेटी सगळ्यात आधी सुटतात. चार मात्र हाडात मुरलेल्या होत्या: पहाटेची, चहाबरोबरची, घाट उतरल्यावरची आणि मुक्कामाच्या रात्रीची. तुमच्याही वहीत अशा तीन-चार निघतील. त्यांच्याखाली रेघ ओढा. खरं काम त्यांच्यावर करायचं आहे.

एक गोष्ट आवर्जून बघा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागते का? निकोटिन रक्तातून झपाट्याने उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते जवळजवळ संपतं आणि सकाळी शरीर मागणी करतं. उठल्या उठल्या लागत असेल तर व्यसन खोल आहे, आणि नुसत्या मनावर सोडण्यापेक्षा औषधाची मदत घेतलेली बरी. त्यात कमीपणा काही नाही. साखर वाढली तर आपण गोळी घेतोच ना.

तारीख आणि तीन दिवसांची रजा

दहा-पंधरा दिवस पुढची तारीख धरा. फार लांबची नको, उद्याची तर नकोच. सणाचा किंवा लग्नाचा दिवसही टाळा. माझा पाडवा त्यानेच गेला. मी साप्ताहिक सुट्टी धरली आणि तिला जोडून दोन दिवस रजा टाकली. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास सगळ्यात जास्त असतो. डोकं जड होतं, झोप उडते, लक्ष लागत नाही, राग नाकावर येतो. मागे पन्नास माणसं बसवून घाट चढवायला ती अवस्था बरी नव्हे. तुम्ही गाडी, क्रेन, प्रेस, काहीही चालवत असाल तरी हे तीन दिवस मोकळे ठेवा. रजा मिळणारच नसेल तर निदान डबल ड्युटी घेऊ नका.

त्या आठवड्यात मी आणखी तीन कामं केली. पहिलं, टपरीवरची उधारी मिटवली. चारशे वीस रुपये होते. पैसे देताना टपरीवाल्या अण्णांना सांगितलं, "अण्णा, सोमवारपासून मला सिगरेट द्यायची नाही. मागितली तरी द्यायची नाही." त्यांनी माझं पान वहीतून फाडून माझ्याच हातात दिलं. खातं असलं की पाय तिकडे वळतो, म्हणून ते बंद करा. दुसरं, घरातले आणि बॅगेतले लायटर, राखेची वाटी, गादीखालचं "असू दे" म्हणून ठेवलेलं पाकीट, सगळं काढलं. अडीअडचणीला एक असू द्यावी असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. ती एक सिगरेट रात्री दोन वाजता हाक मारते. तिसरं, बायकोला आणि मुलीला सांगितलं की दोन आठवडे मी चिडेन, तेव्हा मला सोडून द्या, आणि त्या चिडण्याला कंटाळून "ओढा बाबा एकदाची" असं कधी म्हणू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. घरातली माणसं मायेने असं बोलून जातात.

चौथी गोष्ट म्हणजे फोन. ज्या पाकिटातून रोज सिगरेट काढत होतो त्याच पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर छापलेला होता. ही सरकारची तंबाखू सोडवण्याची मोफत हेल्पलाइन. 2018 पासून तो नंबर पाकिटावर छापतात, पण मी कधी वाचलाच नव्हता. फोन केला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी न रागावता विचारलं, किती वर्षं, किती, पहिली कधी, आधी का मोडली. तारीख लिहून घेतली आणि त्या तारखेनंतर तिकडूनच परत फोन आला. कुणीतरी विचारणार आहे, एवढ्याने पहिला आठवडा निघतो.

चार अवघड थांब्यांवर मी काय केलं

पहाटेची. एकवीस वर्षं माझं पोट सिगरेटवर साफ होत होतं. ती बंद झाल्यावर बद्धकोष्ठता होऊ शकते, बऱ्याच जणांना होते, पण आधी कुणी सांगत नाही. मग चार दिवस पोट फुगलं की माणूस म्हणतो, माझ्या शरीराला सिगरेट लागतेच. तसं नाही. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, अंगणात पाच मिनिटं येरझाऱ्या, रात्री पपई किंवा पालेभाजी, एवढं करा. माझं आठ-नऊ दिवसांत रुळावर आलं. मागचं दार मी महिनाभर उघडलंच नाही, पुढच्या दाराने बाहेर पडायचो.

चहाबरोबरची. इथे एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली आणि ती सगळ्यांना कळायला हवी. सिगरेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर संपवत असतं. धूर थांबला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. म्हणजे कप तेवढेच, पण चढतो जास्त. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जागं राहणं, आणि आपण समजतो की हे सिगरेट नसल्यामुळे. मी आठ कपांवरून चारवर आलो आणि चौथ्या दिवशी झोप लागली. शिवाय चहा टपरीवर उभ्याने घ्यायचं सोडलं. कॅन्टीनमध्ये बसून, डाव्या हातात कप धरून प्यायचो. हात बदलणं ही क्षुल्लक बाब वाटेल, पण उजव्या हाताला ती सवय नेमकी पाठ असते.

याच कारणाने दम्याच्या माणसांना एक सूचना. थिओफिलिन असलेल्या गोळ्या चालू असतील तर सिगरेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्या गोळीचंही रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस कमी करावा लागू शकतो.

घाट उतरल्यावरची. ही सगळ्यात गोड सिगरेट होती. कुंभार्लीची वळणं, पावसाळ्यात धुकं, समोरून ट्रेलर, आणि पोफळीला पोचल्यावर खांदे सैल होतात. तिथे एक झुरका म्हणजे बक्षीस. बक्षीस काढून घेतलं आणि जागा रिकामी ठेवली तर मन रुसतं, म्हणून तिथे दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. मी पोफळीला उतरून थंड पाण्याने तोंड, मान, कोपरापर्यंत हात धुवायचो आणि मुलीला फोन लावायचो. "उतरलो गं घाट." ती दहावीला होती. कधी फोन घ्यायची, कधी नाही, पण ते दोन मिनिटांचं काम ठरून गेलं.

मुक्कामाच्या रात्रीची. चिपळूणला रात्री गाडी लावली, जेवण झालं, की आम्ही चार-पाच जण बाहेर बसायचो. इथे मला उपाय सापडला नाही, म्हणून मी दीड महिना मुक्कामी ड्युटी घेतलीच नाही. दुसऱ्याशी बदलून घेत राहिलो. काही थांब्यांवर गाडी थोडे दिवस न नेणं हाच उपाय असतो. लोक म्हणाले, मनाची तयारी असेल तर कुठेही बसावं. म्हणू द्या.

तलफ आणि औषध

तलफ येते ती लाटेसारखी. वाटतं की आता वाढतच जाणार, पण तीन-चार, फार तर पाच मिनिटांत ती उतरते, सिगरेट ओढली तरी आणि नाही ओढली तरी. हे ऐकून पटत नाही, म्हणून घड्याळ लावून बघा. मी वहीत लिहीत गेलो: 10.32 ते 10.36. दहा-बारा वेळा लिहिल्यावर तिची भीती गेली. त्या चार मिनिटांत पाणी घोट घोट प्या, नाकाने लांब श्वास घेऊन तोंडाने हळू सोडा, जागा बदला, हाताला काम द्या. स्टेअरिंगवर यातलं काही करता येत नाही, तिथे मी दाढेखाली लवंग धरायचो. पाकीट ठेवायच्या खिशात लवंगेची डबी ठेवली होती. हात सवयीने गेला तरी काहीतरी लागायचं.

निकोटिनचा च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घेतला. 2 मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये मिळतो, 4 मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. मी पहिल्यांदा तसाच कचाकचा चावला आणि पाटणपासून कोयनानगरपर्यंत उचक्या लागल्या, घशात आग. बरोबर पद्धत अशी: आठ-दहा वेळा सावकाश चावायचा, जिभेला झोंबायला लागला की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मधे धरून ठेवायचा. झोंबणं कमी झालं की परत थोडा चावायचा. एक गम अर्धा तास चालतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, सरबत घेऊ नका, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिल्या महिन्यात मला दिवसाला आठ लागायचे, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एकावर आलो आणि बंद केला. चिकटपट्टीसारखा पॅचही मिळतो. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. हृदयाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, फिट येत असतील तर आधी विचारा.

अंगात काय काय होईल तेही सांगून ठेवतो. खोकला आणि कफ पहिले काही आठवडे वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले धुरामुळे लुळे पडलेले बारीक केस परत काम करायला लागतात आणि साठलेलं वर ढकलतात. रक्त पडलं किंवा खोकला थांबेचना, तर मात्र डॉक्टरकडे. तोंडात फोड येतात. सिगरेट ओढतोय अशी स्वप्नं पडतात, इतकी खरी की उठल्यावर तोंड हुंगून बघावं. वजन वाढतं, माझं चार किलो वाढलं. वडापावऐवजी खिशात फुटाणे ठेवायला लागल्यावर तिथेच थांबलं.

आणि चांगलंही लगेच सुरू होतं. वीस मिनिटांत नाडी खाली येऊ लागते. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरून सामान्य होतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका सिगरेट ओढणाऱ्याच्या निम्मा होतो. मला स्वतःला पहिलं जाणवलं ते नवव्या दिवशी. घाटमाथ्यावर दार उघडलं आणि ओल्या मातीचा वास आला. सोबत कुणाच्या तरी पिशवीतल्या कोथिंबिरीचा. एकवीस वर्षं ती गाडी मला फक्त डिझेलच्या वासाची वाटत होती.

सिगरेटच्या जागी काय घेऊ नये

तंबाखू, मिश्री, गुटखा, यातलं काहीही नाही. आपल्या भागात सिगरेट सोडणारे निम्मेअधिक इकडेच वळताना मी पाहिलेत. धूर गेला, निकोटिन तेच, आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट उघडली. बिडी हलकी असते हाही गैरसमज आहे. तिचं पान सच्छिद्र नसल्याने आणि ती विझू नये म्हणून माणूस जास्त जोराने, जास्त वेळा ओढतो. ई-सिगरेटवर देशात 2019 पासून बंदी आहे, तिचा विचार सोडा. "लाइट" सिगरेट घेतली तर झुरके लांब होतात, एवढाच फरक. आणि सुटी सिगरेट. महाराष्ट्रात 2020 पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी कुठेही हात पुढे केला की मिळते. परत सुरू होते ती अशा एकट्या सिगरेटीनेच, पाकिटाने नाही.

नंतरची वर्षं

पाचव्या महिन्यात मी एक ओढली. मुक्कामी ड्युटी परत सुरू केली होती, एकाच्या बदलीचं जेवण होतं, दोन पेग झाले होते. पूर्वी असं झालं की मी म्हणायचो, गेलं सगळं, आणि सकाळी पाकीट घ्यायचो. या वेळी तसं केलं नाही. रात्रीच वहीत लिहिलं: 11.40, चिपळूण, दारू, पुढे केली म्हणून. सकाळी बायकोला फोन करून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पाकीट घेतलं का?" नाही म्हटल्यावर, "मग झालं." तुमच्याकडून एखादी ओढली गेली तर तासाभरात कुणाला तरी सांगा आणि पाकीट विकत घेऊ नका. दारू मात्र मी त्यानंतर वर्षभर बंद ठेवली. पहिलं वर्ष दोन्ही एकत्र सांभाळता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

दोन वर्षं उलटल्यावर धोका संपला असं वाटतं. मला सगळ्यात जोराची तलफ आली ती 2021 च्या संपात. पगार बंद, दिवसभर डेपोच्या दारात बसून राहायचं, हाताला काम नाही, चहूकडे धूर. अडीच वर्षांनी परत तीच चार मिनिटं. परत वही काढली, परत लवंगेची डबी. काळजी, रिकामा वेळ, मयत, आनंदाची बातमी, यातलं काहीही कधीही जुना थांबा उघडतं. तेव्हा डबी जवळ हवी.

पैशाचंही सांगतो. तेव्हा एक सिगरेट दहा रुपयांना पडायची, चौदाचे एकशे चाळीस, महिन्याचे बेचाळीसशे. सोडल्याच्या पहिल्याच पगारावर पोस्टात चार हजारांचं पाच वर्षांचं आरडी खातं काढलं. संपात तीन हप्ते चुकले, ते नंतर दंड भरून पुरे केले. 2024 मध्ये दोन लाख चाळीस हजार आणि वरचं व्याज हातात आलं. मुलीच्या नर्सिंगच्या फीला गेलं. वाचलेले पैसे खिशात राहिले तर दिसत नाहीत, त्यांना पहिल्या महिन्यातच वेगळी जागा द्या.

गेल्या महिन्यात घाटमाथ्यावरच्या त्या पंचविशीतल्या कंडक्टरने माझ्याकडे वही मागितली. तोही आता तिशी ओलांडून गेलाय आणि तोही ओढतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचे अकरा थांबे निघाले, पोफळीचा त्यातही आहे. तारीख पुढच्या साप्ताहिक सुट्टीची धरली आहे. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज काल त्याने माझ्यासमोर लिहिला, आणि अण्णांकडची त्याची उधारी किती आहे ते आज संध्याकाळी आम्ही दोघं विचारायला जाणार आहोत.